कळसाला पाय

कळसूबाईहून परतताना कसाऱ्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, आणि जागा मिळाली की वाद सुरू होतात. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्या, नुकताच गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेल्या एका मुलीने बुटाची नाडी सोडता सोडता विचारलं, "काका, कांचनजंगावर म्हणे शेवटची पावलं सोडून देतात. मग ते शिखर चढलं असं धरायचं की नाही?" मी तोंड उघडायच्या आत समोरच्या बाकावरच्या पोराने निकाल दिला, "डोंगर काय कुणाच्या बापाचा असतो का?" आसनगाव येईपर्यंत चार जण त्याच्या बाजूला, दोघं तिच्या बाजूला, आणि वयाने सगळ्यांत मोठा म्हणून मी दोन्हीकडून साक्षीला ओढलेला. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. ते आता देऊन बघतो.

आधी हकीकत. कांचनजंगा, उंची ८५८६ मीटर, जगात तिसरं. १९५५ साली चार्ल्स एव्हान्सच्या ब्रिटिश तुकडीने ते पहिल्यांदा गाठलं. २५ मे रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या काही फूट खाली थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर आले, तेही तिथेच थांबले. सिक्कीमचे लोक त्या डोंगराला देव मानतात, म्हणून तिथल्या राजाला शब्द दिला होता, की माथ्याला पाय लावणार नाही. यातली गंमत अशी की मोहीम नेपाळच्या बाजूने होती. परवाना नेपाळचा, वाट नेपाळची. सिक्कीमच्या राजाने अडवतो म्हटलं असतं तरी त्याचा हात तिथवर पोहोचत नव्हता. वर बघायलाही कुणी नव्हतं. ब्राउन मँचेस्टरचा प्लंबर. माथ्याखालची शेवटची अवघड भेग त्यानेच पुढे होऊन चढून काढली होती. तिथून माथा म्हणजे आपल्या चाळीच्या जिन्याच्या दोन-चार पायऱ्या. आणि ही माणसं वळून खाली उतरली.

मला विचाराल तर ते शिखर पूर्ण चढलं गेलं, आणि वर थोडं शिल्लकही राहिलं. पण हे झालं माझं मत. त्या पोराचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो इतक्या स्वस्तात सुटणारा नाही.

आपल्या भाषेनेही हा प्रश्न थोडा अवघड करून ठेवलाय. डोंगर चढण्यासाठी आपले शब्द बघा: मोहीम, चढाई, सर करणे, फत्ते. सगळे लढाईतले. साहजिकच आहे, आपण डोंगर चढायला शिकलो ते गड घेण्यासाठी, आणि गडावर खरोखरच शत्रू बसलेला असायचा. पण वर्तमानपत्रांचा सगळ्यांत लाडका शब्द आहे 'पादाक्रांत'. अमक्याने एव्हरेस्ट पादाक्रांत केलं. म्हणजे पायाने आक्रमण केलं, पायाखाली घातलं. हाच शब्द लिहिणारा माणूस चुकून पुस्तकाला पाय लागला तर वाकून हात कपाळाला लावतो. माझी आजी पहाटे अंथरुणातून उठताना जमिनीला हात लावून 'पादस्पर्शं क्षमस्व मे' म्हणायची. पाय लागणार, त्यावाचून जगणं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती चालायची थांबली नाही. पण पाय लावणं ही आपल्याला मिळालेली सवलत आहे, हे रोज एकदा स्वतःला ऐकवायची.

आता बापाच्या डोंगराकडे वळू. पोरगा उद्धट होता, पण त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. उलट महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाने 'इथे पाय ठेवायचा नाही' हे वाक्य ऐकलं की त्याचे कान टवकारलेच पाहिजेत. १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासाठी. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात पर्वतीवर जे झालं ते तर आमच्या विषयाला थेट भिडणारं आहे, कारण पर्वती ही टेकडी आहे. तिथल्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रही पायऱ्या चढून गेले आणि त्यांनी दगड खाल्ले. आपल्याकडचा हा खराखुरा निषिद्ध माथा. तो चढणं हीच तेव्हाची नीती होती, आणि 'श्रद्धेचा मान राखा' असं सांगणारे चुकीच्या बाजूला उभे होते. त्यामुळे 'स्थानिकांची श्रद्धा आहे, विषय संपला' असं कुणी म्हणालं की मला पर्वती आठवते, आणि विषय संपत नाही.

मग एक बंदी मोडणं योग्य आणि दुसरी पाळणं योग्य, हे ठरवायचं कसं? मला पंढरपूरची मदत होते. आषाढीला दर्शनाची रांग काही किलोमीटर लांब जाते. ज्याला तेवढा वेळ नाही, ताकद नाही, तो वारकरी कळसाचं दर्शन घेतो, हात जोडतो आणि गावी परततो. त्याची वारी पूर्ण. कुणी त्याला अर्धं दर्शन म्हणत नाही. आणि त्याच पंढरपुरात चोखोबांच्या वाट्याला काही शतकांपूर्वी काय आलं? बाहेरूनच, लांबूनच दर्शन. त्यांच्या लोकांना विठ्ठलाच्या पायापर्यंत जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. कळस तोच, अंतरही कदाचित तेवढंच. पहिला लांब राहिला आपल्या मर्जीने, दुसऱ्याला लांब ठेवलं.

म्हणून बंदी दिसली की मी एकच गोष्ट विचारतो: ही बंदी घालणारा स्वतः ती पाळतो का? कैलासवर कुणीच चढत नाही. हिंदू नाही, बौद्ध नाही, जैन नाही, बोन पंथाचा नाही. सगळे भोवतालची ५२ किलोमीटरची प्रदक्षिणा करतात, कुणी चालत, कुणी दंडवत घालत. उंची ६६३८ मीटर, म्हणजे आजच्या गिर्यारोहकाला अशक्य कोटीतली नाही. राइनहोल्ड मेसनरला १९८०च्या दशकात परवानगी देऊ केली होती, त्याने ती घेतली नाही. आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं चढणाऱ्या पहिल्या माणसाने ती घेतली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. जो चढू शकतो त्याच्याच न चढण्याला वजन असतं. माझ्यासारख्याने कैलास चढायचा नाही असं ठरवलं तर त्याला कोण विचारतो! भूतानने तर सगळ्यांनाच एका मापात बसवलं. आधी १९९४ साली ६००० मीटरवरची शिखरं बंद केली, मग २००३ साली गिर्यारोहणच बंद केलं. ७५७० मीटरचं गांगखार पुएन्सुम आजही कुणाच्या पायाखाली गेलेलं नाही. कुठल्याच भूतानी माणसाच्याही नाही.

याच्या शेजारी केरळातलं अगस्त्यकूडम ठेवून बघा. १८६८ मीटर उंची, जंगलातली कठीण वाट. अगस्ती ऋषी ब्रह्मचारी म्हणून बायकांनी वर जायचं नाही. पण पुरुष? कुठल्याही गावचा, कुठल्याही धर्माचा, वनखात्याची परवानगी काढलेला पुरुष वर जाऊ शकत होता. म्हणजे ऋषींच्या एकांताचा भंग माझ्या बुटांनी होत नाही, माझ्या मुलीच्या बुटांनी होतो! उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०१९ मध्ये पहिली महिला वर गेली. पायथ्याच्या काणी आदिवासींनी निषेध केला. मला त्या निषेधाबद्दल वाईट वाटतं, ते लोक साधे आहेत आणि डोंगर खरोखर त्यांचा आहे. तरी ती वर गेली ते बरोबरच झालं असं मी म्हणतो. तिथे डोंगर निषिद्ध नव्हताच, बाई निषिद्ध होती. हाजी अलीच्या दर्ग्याबाबत २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हेच ओळखलं आणि मजारीपाशी जायला स्त्रियांना वाट मोकळी केली.

इथे मुंबईकरांना एका शेजारच्या टेकडीची आठवण करून द्यायला हवी. मलबार हिलवर, हँगिंग गार्डनला लागून, पारशांची डुंगरवाडी आहे. तिथल्या दखम्यांमध्ये, म्हणजे शव गिधाडांसाठी ठेवतात त्या मनोऱ्यांमध्ये, परधर्मीयांना प्रवेश नाही हे सगळ्यांना माहीत असतं. सहसा माहीत नसतं ते हे, की पारशांनाही नाही. नसेसालार, म्हणजे शव वाहणारे सेवक, ते आत घेऊन जातात. मुलगा, बायको, भाऊ सगळे बाहेर थांबतात. सतराव्या शतकापासून हे चालू आहे. या शहरात लोक फलाटाच्या कडेवर उभे राहून भांडतात, फुटपाथवरच्या वितभर जागेसाठी कोर्टात जातात, पण डुंगरवाडीच्या भिंतीवरून आत डोकावण्याचा हक्क कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बंदी तिथल्या लोकांनाही तितकीच लागू आहे हे आपल्याला न सांगता कळतं, म्हणून ती टोचत नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं संपली, त्यानंतर दखम्यांचं काय करायचं यावर पारशी समाजात कडाक्याची भांडणं झाली. ती त्यांनी आपापसात केली. आपण हँगिंग गार्डनमध्ये भेळ खात होतो, आणि ते योग्यच होतं.

इथवर माझा नियम छान चालतो. तो अडतो सप्तशृंगीला.

वणीच्या गडावर देवीचं स्थान कड्याच्या पोटात आहे. त्याच्या वर जे शिखर आहे तिथे आपण कुणी जात नाही. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात मध्यरात्री तिथे ध्वज लागतो, आणि तो लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. त्या घरातला एक माणूस रात्री एकटा तो कडा चढतो. कुठून चढतो, कसा चढतो, हे गडावर कुणाला विचारलं तर हात वर करून आकाश दाखवतात. पहाटे भाविक मान वर करून बघतात तेव्हा ध्वज फडकत असतो. आता बंदी सगळ्यांना आणि एकाला मात्र मोकळीक, तीही घराण्याने चालत आलेली, हे तर माझ्या नियमाप्रमाणे थेट अगस्त्यकूडमच्या रांगेत जायला हवं. पण मन तसं म्हणत नाही, आणि ते का म्हणत नाही हे मी पुष्कळ दिवस शोधतोय.

एक उत्तर असं सुचतं. तो वर जातो तेव्हा खाली राहिलेल्या कुणालाही 'तू अपवित्र' असं सांगितलं जात नाही. पर्वतीवर तेच सांगितलं जात होतं, अगस्त्यकूडमवर तेच सांगितलं जात होतं. शिवाय तो अंधारात जातो, त्याचा फोटो नाही, बॅनर नाही, वेळेची नोंद नाही. वर काय दिसलं ते तो सांगत नाही. म्हणजे आम्ही गिर्यारोहक ज्या ज्या गोष्टींसाठी वर जातो, त्या सगळ्या त्याने वजा केल्या आहेत. उरतं ते फक्त काम. सगळ्यांच्या वतीने जाऊन यायचं काम. हे उत्तर मला ऐंशी टक्के पटतं. उरलेले वीस टक्के विचारतात, की त्या घरातल्या एखाद्या मुलीने उद्या ध्वज हातात घेतला तर काय? त्याचं उत्तर मी देण्यापेक्षा दरेगावने दिलेलं बरं.

श्रद्धेच्या बाजूनेही सगळं सोवळं नसतं, हेही बोललं पाहिजे. सिक्कीमने या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बाजूने कांचनजंगाची चढाई बंद केली. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने १३७ शिखरं परदेशी गिर्यारोहकांना खुली केली, त्या यादीत कांचनजंगाचं नाव आलं तेव्हा सिक्कीममध्ये संताप झाला. मे २०२५ मध्ये आपल्याच एका राष्ट्रीय संस्थेची तुकडी नेपाळच्या बाजूने वर गेली, तर सिक्कीमच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. ठीक. पण त्याच सिक्कीममध्ये, कांचनजंगाच्या बर्फाचं पाणी घेऊन येणाऱ्या तीस्तेवर धरणामागून धरणं झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि चुंगथांगचं धरण पाण्याबरोबर वाहून गेलं. देवाच्या डोक्याला पाय लावायचा नाही, पायथ्याला सुरुंग मात्र चालतो, हा कुठला न्याय? सरकारला शिखर पवित्र मानणं फुकट पडतं. वर्षाला पाच-पन्नास गिर्यारोहक नाराज होतात, त्यांची मतंही तिथे नसतात.

पण एवढ्यावरून सगळंच ढोंग म्हणून मोकळं होऊ नये. युक्सोमजवळचा राथोंग चू वीज प्रकल्प १९९७ साली सिक्कीमने रद्द केला तो तिथल्या बौद्ध आणि लेपचा लोकांनी ती भूमी पवित्र आहे म्हणून लढा दिल्यामुळेच. पुढे तीस्तेवरच्या धरणांविरुद्ध उपोषणाला बसले तेही उत्तर सिक्कीममधल्या झोंगूचे लेपचाच. म्हणजे सरकार एका बाजूला, आणि ज्यांचा तो देव आहे ते लोक दुसऱ्या बाजूला. त्यांनी घरात येणारी वीज सोडली. आमच्याकडे ते फक्त चार पावलं मागतात.

आणि मागतात म्हणजे काय, तेही बघा. ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी तिथल्या मूळच्या अनंगू लोकांनी वर्षानुवर्षं एक पाटी लावली होती: कृपया चढू नका. जमीन १९८५ साली त्यांच्या नावावर परत झाली होती, तरी चढाई चालूच होती. त्यांनी दार लावलं नाही, विनंती केली. लोकांनी विनंती वाचली आणि साखळी धरून चढत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद करायचं ठरलं, तेव्हा आधीच्या दिवसांत तिथे रांगा लागल्या. बंद होणार म्हणून घाई! विनंतीला किंमत न देणाऱ्याला कायदाच लागतो, आणि कायदा आला की तोच माणूस स्वातंत्र्याच्या नावाने गळा काढतो. आपल्या घाटातल्या 'धोकादायक धबधबा' पाट्यांपुढे सेल्फी काढणाऱ्यांना बघून मला हे नवीन वाटलं नाही.

आता मी स्वतः किती धुतल्या तांदळाचा, तेही सांगून टाकतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, पालघर जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो सगळा पट्टा ठाण्यातच होता. त्या भागातल्या एका सुळक्यावर आम्ही पाच जण रविवार धरून गेलो होतो. हातोडी माझ्याकडे होती. हाताने बोल्ट, म्हणजे दोर अडकवायचा लोखंडी खिळा, खडकात ठोकायचा म्हणजे एकेका भोकाला अर्धा-पाऊण तास जातो, आणि सगळ्या खोऱ्यात ठण ठण घुमत राहतं. दुसऱ्या दिवशी उतरलो तर पायथ्याला एक वारली म्हातारा बसला होता. आम्हाला वाटलं, वर का गेलात म्हणून भांडणार. सुळक्याच्या माथ्यावर शेंदूर होता, तो आम्ही पाहिला होता. त्याने वर जाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांची पोरं मधासाठी अर्ध्यापर्यंत जातातच, म्हणाला. त्याची तक्रार वेगळी होती. "देवाला खिळे कशाला मारले?" एवढंच त्याने दोनदा विचारलं. आमच्यातल्या एकाने सुरक्षिततेचं काहीतरी समजावलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि उठून गेला. तीन बोल्ट. अजून तिथेच असणार, गंजून.

आम्ही वर जाऊ की नको, एवढाच प्रश्न घेऊन गेलो होतो, आणि तोही मनातल्या मनात. त्याच्याकडे त्याहून बारीक हिशोब होता: हात चालेल, पाय चालेल, मधाचं पोळं चालेल, लोखंड नाही. आधी पाड्यावर जाऊन विचारलं असतं तर कळलं असतं. जेमतेम वीस मिनिटं लागली असती. कोणता माथा कुणाला, किती आणि कसा निषिद्ध, हे मुंबईच्या लोकलमध्ये बसून ठरत नाही, मी या लेखात ठरवतोय तसंही नाही. अहमदाबाद हायवेवरून जाताना डहाणूची महालक्ष्मी लागते. तिची कथा माहीत असेल तर हे पटेल. देवी मुळात डोंगरावर. एक गर्भार आदिवासी बाई दर्शनाला निघाली, तिला चढवेना, म्हणून देवीच खाली विवळवेढ्याला आली. आजही चैत्राच्या यात्रेत रात्री पुजारी ध्वज घेऊन त्या डोंगरावर जातो. आणि आमची मंडळी तिथला सुळका दोर लावून चढतातही. एकाच डोंगरावर तीन व्यवहार गुण्यागोविंदाने चालतात, कारण तिथल्या देवीला ते चालतं. कांचनजंगाच्या देवतेला चालत नाही. सगळ्या देवांचा स्वभाव सारखा असता तर आपल्याला इतके देव लागले कशाला असते!

मे २०१९ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण एकाच मोहिमेत कांचनजंगावर पोहोचले, तेव्हा आम्ही दादरच्या एका हॉटेलात पेढे वाटले होते. आजही वाटेन. मराठी पोरांनी तिथे जाऊ नये असं मला म्हणायचं नाही. मला एवढंच हवंय की इथून पुढे महाराष्ट्रातून जी मोहीम कांचनजंगासाठी निघेल, तिने देणग्यांसाठी छापलेल्या पत्रकातच एक ओळ टाकावी: आम्ही माथ्याच्या खाली थांबणार आहोत. आधी टाकावी, परत आल्यावर नाही. प्रायोजकाला सांगावं की बॅनर माथ्यावर फडकणार नाही, माथ्याच्या खाली फडकेल. जो तेवढ्यासाठी पैसे परत मागेल त्याचे द्यावेत. आणि एक पत्र गंगटोकलाही पाठवावं. परवानगीसाठी नाही, ती नेपाळचीच लागते. आम्ही येतोय हे कळवण्यासाठी.

आमच्या ग्रुपच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. ती मुलगी अनुमोदन देते म्हणालीय. मंजूर होईल असं मात्र वाटत नाही, कारण बापाचा डोंगरवाला पोरगा यंदा खजिनदार आहे.